दुलईआडचे भय : इस्मत चुगताई, एक कथा आणि सबंध आयुष्य

भयकथा म्हटली की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर काही गोष्टी हमखास उभ्या राहतात. रात्रीची वेळ, परके घर, अर्धवट झोपेतून दचकून जागे झालेले कुणीतरी आणि भिंतीवर हलणारी एक सावली. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी याच सामग्रीच्या बळावर मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांची झोप उडवली. नेमकी हीच सामग्री घेऊन १९४२ साली उर्दूत एक लघुकथा लिहिली गेली. तिच्यात भूत नव्हते, खून नव्हता, पडका वाडाही नव्हता. होती ती थंडीच्या रात्री एका दुलईची भिंतीवर पडलेली सावली, त्या सावलीला घाबरलेली एक लहान मुलगी आणि दुलईखालच्या दोन स्त्रिया.

कथेचे नाव ‘लिहाफ’, म्हणजे दुलई. लेखिका इस्मत चुगताई. आयुष्याची जवळजवळ पन्नास वर्षे त्या मुंबईत राहिल्या आणि मुंबईच्याच मातीत त्यांचा शेवट झाला. कादंबऱ्या, कथा, व्यक्तिचित्रे, नाटके आणि चित्रपट असा त्यांच्या लेखनाचा विस्तार मोठा आहे. सआदत हसन मंटो, कृष्ण चंदर आणि राजेंद्रसिंह बेदी यांच्यासह आधुनिक उर्दू कथेच्या चार आधारस्तंभांत त्यांची गणना होते. तरीही त्यांचे नाव निघाले की प्रथम आठवते ती ही एकच कथा. तिने त्यांना न्यायालयात उभे केले, घरात कलह आणला, कीर्ती दिली आणि पुढचे सगळे लेखन झाकोळून टाकले. स्त्री-स्त्रीमधील शरीराकर्षण आणि भय यांची सांगड घालणारी ही भारतीय साहित्यातील बहुधा सर्वांत गाजलेली लघुकथा आहे. तिच्यात जे सांगितले आहे त्यापेक्षा जे सांगायचे टाळले आहे, त्यानेच हा सगळा इतिहास घडवला.

भावांमध्ये वाढलेली मुलगी

इस्मत यांचा जन्म २१ ऑगस्ट १९१५ रोजी उत्तर प्रदेशातील बदायूँ येथे झाला. वडील मिर्झा कासिम बेग चुगताई सरकारी अधिकारी होते. त्यांच्या बदल्यांमुळे कुटुंबाचे बिऱ्हाड आग्रा, जोधपूर, अलिगढ असे फिरत राहिले. दहा भावंडांत इस्मत नवव्या. थोरल्या बहिणींची लग्ने होऊन त्या सासरी गेल्या आणि ही मुलगी भावांच्या घोळक्यात वाढली. झाडावर चढणे, घोड्यावर बसणे, भांडणे आणि भांडणात हार न मानणे हे तिचे पहिले शिक्षण. स्वयंपाक आणि शिवणकाम यांत तिला रस नव्हता आणि तो नाही हे ती मोठ्यांच्या तोंडावर सांगत असे.

थोरले बंधू अझीम बेग चुगताई हे त्या काळचे लोकप्रिय विनोदी लेखक. क्षयाने पोखरलेल्या या भावाने धाकट्या बहिणीला वाचनाची आणि वाद घालण्याची गोडी लावली. त्यांच्या निधनानंतर इस्मत यांनी ‘दोजखी’ नावाचे व्यक्तिचित्र लिहिले. मृत भावाविषयी इतके निर्दय आणि तरीही इतके जिव्हाळ्याचे लेखन उर्दूने क्वचितच पाहिले होते. मृताविषयी केवळ गोड बोलावे हा संकेत ज्या लेखणीने स्वतःच्या घरात पाळला नाही, ती परक्यांच्या घरात काय पाळणार होती?

शिक्षणासाठी मात्र त्यांना घरच्यांशी झगडावे लागले. पुढे शिकू दिले नाही तर मिशनच्या शाळेत निघून जाईन आणि ख्रिस्ती होईन, अशी धमकी त्यांनी दिल्याचे त्यांच्या आत्मकथनात येते. अखेर वडील नमले. अलिगढची मुलींची शाळा, लखनौचे इझाबेला थॉबर्न कॉलेज आणि पुन्हा अलिगढला अध्यापनाचे प्रशिक्षण असा त्यांचा प्रवास झाला.

याच काळात त्यांच्यावर सर्वांत खोल ठसा उमटला तो डॉ. रशीद जहाँ यांचा. रशीद जहाँ या अलिगढच्या मुलींच्या शाळेच्या संस्थापकांच्या कन्या, पेशाने डॉक्टर आणि विचाराने साम्यवादी. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अंगारे’ या कथासंग्रहातील त्या एकमेव लेखिका. धर्म आणि कुटुंबव्यवस्था यांवर थेट आघात करणाऱ्या या पुस्तकावर १९३३ साली संयुक्त प्रांताच्या सरकारने बंदी घातली. स्त्रीच्या शरीराविषयी, आजाराविषयी, बाळंतपणाविषयी मोठ्याने बोलता येते, हे इस्मत यांनी रशीद जहाँ यांच्याकडून पाहिले. १९३६ साली लखनौत प्रगतिशील लेखक संघाचे पहिले अधिवेशन प्रेमचंदांच्या अध्यक्षतेखाली भरले, तेव्हा इस्मत तेथे उपस्थित होत्या.

‘साकी’ मासिकात त्यांचे ‘फसादी’ हे नाटक छापून आले, तेव्हा अझीम बेग यांनीच नाव बदलून लिहायला सुरुवात केली की काय, अशी शंका वाचकांना आली. ती फार काळ टिकली नाही. भावाच्या विनोदात नसलेली एक गोष्ट बहिणीच्या भाषेत होती. ती म्हणजे जनान्यातील बोली. पडद्याआड एकमेकींना टोमणे मारणाऱ्या, कुजबुजणाऱ्या, शिव्याशाप देणाऱ्या बायकांची ही भाषा तोवर उर्दू गद्यात पुरुष लेखकांच्या कानांनीच ऐकली गेली होती. इस्मत यांनी ती आतून आणली. बरेली आणि जोधपूर येथील मुलींच्या शाळांत काम करून त्या शाळा निरीक्षक म्हणून मुंबईत आल्या, तेव्हा त्यांच्या नावावर काही कथा आणि थोडा दबदबा जमा झाला होता.

दुलई हलते तेव्हा

‘लिहाफ’ कशी लिहिली गेली याची हकिगत इस्मत यांनी पुढे मुलाखतीत सांगितली आहे. त्या वेळी त्या भावाच्या घरी राहत होत्या. कथा रात्री लिहिली आणि सकाळी वहिनीला वाचून दाखवली. वहिनीने कथेतील माणसे ओळखली, पण तिला त्यात काही अश्लील वाटले नाही. मग ती नात्यातील एका चौदा वर्षांच्या मुलीला ऐकवली. ही गोष्ट कशाविषयी आहे तेच कळले नाही, असे त्या मुलीचे म्हणणे पडले. लाहोरच्या ‘अदब-ए-लतीफ’ मासिकाला कथा पाठवली आणि ती लगेच छापून आली. कुणाला कळावी आणि कुणाला कळू नये, याची चाचणी जणू त्या दोन श्रोत्यांवर आधीच झाली होती.

कथानक थोडक्यात असे. गरीब घरातील देखण्या बेगमजानचा विवाह वयाने बऱ्याच मोठ्या नवाबाशी होतो. नवाब हज करून आलेले, चारित्र्याचे पक्के. त्यांच्या दारी कधी नाचणारी बाई दिसली नाही. त्यांना छंद एकच, गोऱ्यागोमट्या तरुण विद्यार्थ्यांना घरी ठेवून त्यांचा खर्च करण्याचा. इतर सामानाबरोबर बेगमलाही घरात आणून ठेवले की नवाबांचे कर्तव्य संपते. बेगमजान झुरू लागते आणि तिला सावरते ती रब्बू नावाची मोलकरीण. ती दिवसरात्र बेगमच्या अंगाला मालिश करते. घरात या मालिशीची कुजबुज चालते, हसे होते, पण उघड कुणी बोलत नाही.

या घरात भावांशी सतत भांडते म्हणून एक लहान मुलगी काही दिवसांसाठी ठेवली जाते. कथा सांगते ती हीच मुलगी, मोठी झाल्यावर. रात्री बेगमच्या खोलीत निजलेली असताना तिला जाग येते. समोरची दुलई हलत असते आणि भिंतीवर हत्ती डोलावा तशी तिची सावली डोलत असते. मुलगी घाबरते, हाक मारते, पुटपुटत प्रार्थना म्हणते. मोठी माणसे तिला झोप म्हणून सांगतात. एके दिवशी रब्बू मुलाला भेटायला जाते आणि एकटी पडलेली बेगमजान या मुलीला ज्या रीतीने जवळ ओढते, त्याने ती भेदरून जाते. रब्बू परतल्यावर पुन्हा रात्र येते, पुन्हा हत्ती हलू लागतो. मुलगी धीर करून दिवा लावते. दुलईची कड क्षणभर वर उचलली जाते. तिने काय पाहिले ते कथा सांगत नाही.

ही रचना अस्सल भयकथेची आहे. दिवसा सगळे ठाकठीक दिसणारे घर, रात्री त्यातून येणारे आवाज, मुलाचा अनुभव खोटा ठरवणारी मोठी माणसे, हळूहळू वाढत जाणारी सावली आणि शेवटी पेटणारा दिवा. भूतकथेत दिवा लागला की एकतर भूत दिसते किंवा ते नव्हतेच असा उलगडा होतो. इस्मत यांनी यापैकी काहीच केले नाही. दिवा लावून त्यांनी वाचकाला अंधारात ठेवले. दुलईखालची वासना मुलीला समजत नाही, म्हणून तिचे भय होते. ते वाचकाला समजते, पण मुलीच्या भयातूनच समजते. या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवता येत नाहीत, हेच कथेचे बळ आहे.

जागतिक साहित्यात या जातीची एक पूर्वजा आहे. आयरिश लेखक शेरिडन ल फानू यांची ‘कार्मिला’ ही दीर्घकथा १८७२ साली पुस्तकात समाविष्ट झाली, म्हणजे ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’च्या २५ वर्षे आधी. तिच्यातही एक स्त्री आपल्या लहानपणीची आठवण सांगते. रात्री बिछान्यात अनोळखी सुंदर स्त्री येते, जवळ घेते आणि त्या मायेतूनच भीती उपजते. फरक हा, की ल फानूंना स्त्रीचे स्त्रीविषयीचे आकर्षण दाखवण्यासाठी रक्तपिपासू पिशाच्च उभे करावे लागले आणि कथेच्या शेवटी त्याचा नाशही करावा लागला. इस्मत यांच्या घरात पिशाच्च नाही. तेथे आहे श्रीमंताचा वाडा, दुर्लक्षित बायको, गरजू मोलकरीण आणि सगळे जाणून गप्प बसलेले लोक. शेवटी कुणाचाही नाश होत नाही. उजाडल्यावर तेच घर पुन्हा चालू राहते आणि तेच खरे भयाण आहे.

याच कथेत आणखी एक सावली आहे, ती बऱ्याचदा नजरेतून सुटते. रब्बूचा मुलगा पूर्वी नवाबांकडेच राहत होता. नवाबांनी त्याला पुष्कळ काही दिले, तरी तो पळून गेला आणि नंतर आईला भेटायलासुद्धा त्या घराची पायरी चढला नाही. का, ते लेखिका सांगत नाही. बेगमजानवर झालेला अन्याय, रब्बूच्या मुलाचे पळणे आणि पाहुण्या मुलीची भीती या तिन्ही गोष्टी एकाच छपराखाली ठेवून त्या पुढे निघून जातात.

लाहोरचे बोलावणे

कथा छापून आली आणि काही आठवड्यांतच इस्मत यांचा विवाह चित्रपटलेखक शाहिद लतीफ यांच्याशी झाला. पाठोपाठ पत्रांचा भडिमार सुरू झाला. शिव्यांनी भरलेली ती पत्रे नवऱ्याच्या हाती लागू नयेत म्हणून त्यांना धडपडावे लागे. ‘लिहाफ’वरून दोघांमध्ये वारंवार खटके उडाले. १९४४ सालच्या डिसेंबरात पोलीस समन्स घेऊन दारात आले, तेव्हा घरात तान्ही मुलगी होती. भारतीय दंड विधानाच्या कलम २९२ खाली, अश्लील लेखनाचा आरोप ठेवून त्यांना लाहोरच्या न्यायालयात बोलावण्यात आले होते. मंटो यांच्यावरही ‘बू’ या कथेसाठी तसाच खटला होता. दोघे मित्र आपापल्या कुटुंबांसह लाहोरला गेले.

या खटल्याचे वर्णन इस्मत यांनी आपल्या ‘कागजी है पैरहन’ या आत्मकथनात रंगवून केले आहे. न्यायालयाबाहेरचा वेळ त्यांनी आणि मंटोंनी लाहोरच्या बाजारपेठांत मजेत घालवला. अनेक हितचिंतकांनी माफी मागून मोकळे व्हा, असा सल्ला दिला. काहींनी दंडाची रक्कम स्वतः भरण्याची तयारी दाखवली. एका ज्येष्ठ लेखकाने घरी उपदेश केला, तेव्हा इस्मत यांनी त्यांच्याच कादंबरीतील उत्तान प्रसंगांची त्यांना आठवण करून दिली. माफी दोघांनीही मागितली नाही.

प्रत्यक्ष सुनावणीत फिर्यादी पक्षाची अडचण झाली. अश्लील म्हणून बोट ठेवावे असा एकही शब्द कथेत सापडेना. साक्षीदारांना फार तर मुलीच्या तोंडी आलेला प्रियकर या अर्थाचा एक शब्द आक्षेपार्ह वाटला. तो शब्द अश्लील नाही, पण चांगल्या घरच्या मुलीने तो लिहू नये, इथवर साक्ष घसरली. मग वाईट घरच्या मुलींनी लिहिलेला चालेल काय, या बचावाच्या प्रश्नावर साक्षीदारापाशी उत्तर नव्हते. सुनावणीसाठी लाहोरला पुन्हा एक फेरी झाली आणि अखेर त्या निर्दोष सुटल्या. न्यायाधीशांनी नंतर त्यांना आतल्या दालनात बोलावून, मंटोंच्या लेखनात घाण फार असते, अशी तक्रार केली. जगातही ती आहे, आणि ढवळल्याशिवाय ती दिसत नाही व साफ करण्याची गरजही कुणाला वाटत नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले.

मराठी वाचकाला येथे आणखी एका खटल्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. मुंबईतून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवणारे र. धों. कर्वे यांना वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना शास्त्रीय उत्तरे दिल्याबद्दल १९३४ साली न्यायालयात उभे राहावे लागले होते. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही होते आणि कर्व्यांचे वकीलपत्र घेतले होते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. ते प्रश्न शास्त्राच्या कक्षेत येतात, त्यांत अश्लील काही नाही, अशी बाजू मांडूनही कर्व्यांना दंड झाला. जे स्पष्ट शब्दांत लिहिले गेले ते दोषी ठरले आणि दहाएक वर्षांनंतर जे न लिहिता सुचवले गेले ते सुटले. इस्मत यांच्या कथेने कायद्याला हुलकावणी दिली ती तिच्या मौनामुळे. आपल्या समाजात हा विषय पुढेही कित्येक वर्षे त्या मौनाच्याच आधाराने तगून राहिला.

मुंबईच्या इस्मतआपा

खटल्याने इस्मत थांबल्या नाहीत. ‘टेढी लकीर’ ही त्यांची मोठी कादंबरी याच चाळीसच्या दशकातली. शम्मन नावाच्या हट्टी, एकाकी मुलीची ही कहाणी बरीचशी आत्मचरित्रात्मक मानली जाते. मुलींच्या वसतिगृहातील परस्परांची ओढ, मत्सर, शिक्षिकेविषयीचे वेड आणि नकोशी वाटणारी रात्रीची जवळीक यांचे चित्रण तीत मोकळेपणाने आले आहे. ‘लिहाफ’मध्ये दुलईआड राहिलेला विषय येथे वाढत्या वयाचा एक टप्पा म्हणून येतो. त्यावरून मात्र तसा गहजब झाला नाही.

शाहिद लतीफ यांच्यासह त्या हिंदी चित्रपटसृष्टीतही रमल्या. बॉम्बे टॉकीजचा ‘जिद्दी’ (१९४८) त्यांच्या कथेवरचा. पुण्याच्या ‘प्रभात’मधून पडद्यावर आलेल्या देव आनंदला पहिले मोठे यश मिळाले ते याच चित्रपटाने आणि किशोरकुमारचे पहिले एकल पार्श्वगीतही यातलेच. ‘आरजू’ (१९५०) आणि नूतनचा ‘सोने की चिडिया’ (१९५८) हे त्यानंतरचे ठळक चित्रपट. १९६७ साली शाहिद लतीफ यांचे निधन झाले. एम. एस. सथ्यू यांच्या ‘गर्म हवा’ (१९७३) या फाळणीनंतरच्या आग्र्यातील मुस्लिम कुटुंबाच्या कहाणीचे मूळ इस्मत यांच्याच कथेत आहे. श्याम बेनेगल यांच्या ‘जुनून’मध्ये तर त्या पडद्यावरही दिसल्या.

फाळणीनंतर १९४८ साली मंटो लाहोरला निघून गेले. इस्मत मुंबईतच राहिल्या. ‘जडें’ या कथेत त्यांनी घरचे सगळे सीमेपलीकडे जायला निघाले असताना जागचे न हलणारी एक वृद्धा रंगवली आहे. ‘चौथी का जोडा’, ‘दो हाथ’, ‘घरवाली’ अशा कथांतून त्या गरीब मुस्लिम घरांतील लग्नाची वाट पाहणाऱ्या मुली, सफाई कामगार, घरकाम करणाऱ्या बायका यांच्याकडे वळल्या. करबलाच्या शोकांतिकेवर ‘एक कतरा-ए-खून’ ही कादंबरी त्यांनी लिहिली. १९७६ साली पद्मश्री मिळाली. चर्चगेटच्या घरी पत्ते, गप्पा, सिगारेट आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची वर्दळ असे. मुंबईच्या लेखक-कलावंतांच्या त्या इस्मतआपा झाल्या होत्या.

एका कथेचे ओझे

इतके सारे करूनही चर्चा पुन्हा ‘लिहाफ’पाशीच येई, याचा त्यांना उबग आला होता. या एका कथेने आपल्याला इतके बदनाम केले की पुढचे काहीही लिहिले तरी ते तिच्या ओझ्याखाली दबले, अशी खंत त्यांनी बोलून दाखवली आहे. लिहिताना समलिंगी संबंधांविषयी आपल्याला फारसे काही ठाऊक नव्हते, त्या काळी असल्या विषयांची उघड चर्चाच होत नसे, असेही त्या सांगत.

आत्मकथनातील एक प्रसंग या संदर्भात फार बोलका आहे. पुष्कळ वर्षांनंतर अलिगढला एका मेजवानीत त्यांची गाठ त्या बाईंशी पडली, जिच्यावरून बेगमजान बेतली होती. इस्मत मनातून धास्तावल्या होत्या. त्या बाईंनी मात्र त्यांना जवळ घेतले. नवाबांपासून काडीमोड घेऊन त्यांनी दुसरा विवाह केला होता आणि त्यांना मुलगा झाला होता. इस्मत यांचे डोळे भरून आले आणि आपल्या लेखनाचे चीज झाले असे त्यांना वाटले.

म्हणजे लेखिकेच्या लेखी ही कथा होती बेगमजानच्या उपासमारीची. चांगला नवरा आणि मूल मिळताच ती सुफळ झाली. वाचकांच्या पुढच्या पिढ्यांनी मात्र तिच्यात वेगळेच काही शोधले. दोन स्त्रियांना पुरुषाविना सुख मिळू शकते, हे भारतीय भाषेत कुणीतरी लिहून ठेवले आहे, याचाच अनेकींना आधार वाटला. मराठी रंगभूमीवर स्त्रीच्या समलिंगी प्रेमाची वेदना यायला १९८१ सालचे विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ उजाडावे लागले. दीपा मेहता यांच्या ‘फायर’ चित्रपटामागे अनेक समीक्षकांना ‘लिहाफ’ दिसली. डिसेंबर १९९८ मध्ये मुंबईतील चित्रपटगृहांवर शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी हल्ले करून ‘फायर’ बंद पाडला, तेव्हा लाहोरच्या खटल्याला अर्धशतक उलटले होते. ‘डेढ इश्किया’ (२०१४) या चित्रपटात तर भिंतीवरील सावल्यांचे ते दृश्य मानाचा मुजरा म्हणून आले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींमधील सहमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ च्या कक्षेतून बाहेर काढले.

कथेवरचे आक्षेपही बदलले आहेत. चाळीसच्या दशकात दोन स्त्रियांचा संबंध दाखवला म्हणून ती अश्लील ठरवली जात होती. आज तो संबंध केवळ नवऱ्याच्या दुर्लक्षातून आलेली लाचारी म्हणून दाखवला, रब्बूचे काळेसावळे शरीर तुच्छतेने रंगवले, म्हणून ती अपुरी वाटते. आणि सर्वांत गंभीर प्रश्न आहे तो त्या मुलीचा. घरातील मोठ्या, लाडक्या माणसाकडून लहान मुलाला होणारा उपद्रव आणि त्याविषयी बोलायला त्याच्याजवळ नसलेले शब्द, हे या कथेत इतके स्पष्ट असताना १९४२ च्या गदारोळात त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. समाजाला दोन प्रौढ स्त्रियांची भीती वाटली. भेदरलेल्या मुलीची काळजी वाटली नाही. भयकथा म्हणून ‘लिहाफ’ पुन्हा वाचली, तर भय नेमके कुठे आहे याचे उत्तर आज वेगळे येते. ते दोघींच्या सुखात नाही. ते आहे सगळे जाणून गप्प राहणाऱ्या घरात आणि हाक मारूनही निजायला सांगितल्या गेलेल्या मुलीत.

अखेरच्या वर्षांत इस्मत यांना स्मृतिभ्रंशाने गाठले. २४ ऑक्टोबर १९९१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. दफन न करता दहन करावे, ही त्यांची इच्छा होती. त्याप्रमाणे चंदनवाडीच्या स्मशानभूमीत त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. जाताना मागे कबरही न ठेवण्याचा हा निर्णय अनेकांच्या पचनी पडला नाही.

नसीरुद्दीन शाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘इस्मत आपा के नाम’ या प्रयोगातून त्यांच्या कथा शब्दशः रंगमंचावर आणल्या, तेव्हा नव्या पिढीला उमगले की या बाईकडे ‘लिहाफ’पलीकडेही अफाट सामग्री आहे. त्या ओझ्यातून त्यांना अंशतः का होईना, सोडवणारे हे काम आहे. मात्र त्या एका कथेपासून त्यांना पूर्णपणे वेगळे करणे शक्य नाही. दुलईची कड वर उचलली गेली त्या क्षणी मुलीला काय दिसले, ते इस्मत यांनी न्यायालयाला सांगितले नाही आणि वाचकालाही सांगितले नाही. म्हणून प्रत्येक पिढी तो दिवा स्वतःच्या हाताने लावते आणि समोर जे दिसते, ते बहुधा त्या पिढीचे स्वतःचेच भय असते.